साष्टांग नमस्कारापासून अस्मितेपर्यंत

मराठी पत्राच्या मायन्याचा इतिहास म्हणजे शब्द कसे झिजतात याचा एक सोपा धडाच आहे. ‘साष्टांग नमस्कार विनंती विशेष’ हे ज्याने मनापासून लिहिले असेल, त्याच्या डोळ्यांपुढे खरोखरचे दंडवत असणार. दंडवत घालायला जागा लागते, अंगाला धूळ लागते आणि समोरचा माणूस त्या योग्यतेचा असावा लागतो. पुढे पत्रव्यवहार वाढला, लिहिणारे हात वाढले आणि आठही अंगे जमिनीला टेकवण्याचा तो सोहळा ‘सा. न. वि. वि.’ एवढ्यावर आला. थकबाकीचा तगादाही त्याच चार अक्षरांनी सुरू होऊ लागला. ‘राजमान्य राजेश्री’चे ‘रा. रा.’ झाले आणि ज्यांना कुठल्याच राजाने कधी ओळखले नव्हते असे हजारो लोक पाकिटावर राजमान्य ठरले. त्याचा कोणाला आनंद झाल्याचे ऐकिवात नाही. शब्द झिजल्याची एक खूण मला येथे दिसते. असा शब्द लावला तर कोणी सुखावत नाही. गाळला तर मात्र माणूस दुखावतो.

आता पत्रेच उरली नाहीत, तेव्हा मायनेही गेले. पण मायना लिहिण्याची सवय गेली नाही. ती पुस्तकांच्या प्रस्तावनांत आली, परीक्षणांत आली, सत्काराच्या भाषणांत, सभेच्या ठरावांत आणि चौकाचौकांतल्या फलकांवर आली. निधन नेहमी ‘दुःखद’, श्रद्धांजली नेहमी ‘भावपूर्ण’, शुभेच्छा नेहमी ‘हार्दिक’. कविसंमेलन रंगले नाही असे कधी छापून येत नाही आणि वक्त्याने श्रोत्यांना ‘अंतर्मुख’ केले नाही असेही घडत नाही. फलकांची आणि सत्कारांची थट्टा आजवर पुष्कळ झाली आहे. मला बोलायचे आहे ते आपल्या साहित्यव्यवहाराविषयी, आणि त्यातही आपल्या या सीमेवरच्या मराठी साहित्यव्यवहाराविषयी. कारण इथे झिजलेल्या शब्दांची किंमत जरा जास्त मोजावी लागते.

प्रथम एक गैरसमज दूर करू. शब्द वारंवार वापरला की बोथट होतो, असे आपण सहज म्हणून जातो. ते पुरते खरे नाही. पाणी, भाकरी, आई हे शब्द आपण दिवसातून कितीदा उच्चारतो? आपल्या घरांत अण्णा आणि अक्का हे कानडीतून आलेले शब्द पिढ्यान्‌पिढ्या दिवसभर वापरले जातात. त्यांची धार कमी झाली असे कोण म्हणेल? आणि सर्वांत मोठा दाखला वारीचा. आपल्या भागातूनही दिंड्या पंढरपूरला जातात. वाटेवर ‘माउली’ हा शब्द जेवढा उच्चारला जातो तेवढा वापर मराठीतल्या दुसऱ्या कुठल्या गौरवाच्या शब्दाचा होत असेल असे मला वाटत नाही. ज्ञानेश्वर माउली, शेजारचा वारकरी माउली, पाणी देणारा माउली, वाट विचारणारा माउली. वापराने शब्द मरत असते तर हा शब्द कधीच मेला असता. पण तो जिवंत आहे, कारण तो उच्चारताना म्हाताराही पोराच्या पायाशी वाकतो. शब्दाबरोबर काहीतरी दिले जाते. वाकण्याचे श्रम दिले जातात, वयाचा आणि प्रतिष्ठेचा मान थोडा वेळ बाजूला ठेवला जातो.

हाच ‘अण्णा’ फलकावर जातो तेव्हा काय होते ते पाहा. घरातल्या अण्णाला अण्णा म्हणताना आपण त्याचा एखादा शब्द ऐकणार असतो, क्वचित त्याचा मारही खाल्लेला असतो. फलकावरच्या ‘अण्णां’शी, ‘दादां’शी, ‘भाऊं’शी आपले असे काही देणेघेणे नसते. शब्द तोच, उच्चार तोच. एका जागी तो ताजा आहे आणि दुसऱ्या जागी शिळा. तेव्हा दोष वापराच्या संख्येत नसून वापराच्या रीतीत आहे. माझ्या मते शब्द झिजतो तो दोन कारणांनी. एक, तो उच्चारणाऱ्याला त्यासाठी काहीच मोजावे लागत नाही. दोन, तो कोणाला लागू पडत नाही हे ठरवणेच आपण सोडून दिलेले असते. शाळेत आम्हाला शिकवले जाई की आईवडिलांना ‘तीर्थरूप’ लिहावे आणि इतर वडीलधाऱ्यांना ‘तीर्थस्वरूप’. हा भेद पाळला जात होता तोवर दोन्ही शब्दांत जीव होता. सरसकट सगळेच तीर्थरूप झाले तेव्हा तीर्थ आटले.

बोलीभाषेची काळजी करण्याचे मात्र कारण नाही. तिथे झीज होते तशी भरपाईही होते. ‘भयंकर सुंदर’ म्हणताना कोणी भ्यायलेला नसतो, ‘प्रचंड आवडले’ म्हणणाऱ्याने काही मापलेले नसते. एक जुना झाला की दुसरा येतो. ‘भारी’ येतो, ‘कडक’ येतो, कोल्हापूरकडून ‘नाद खुळा’ येतो. कधी तर झिजता झिजता शब्द उलट्या दिशेने गोड होतो. पु. ल. देशपांड्यांनी ‘गणगोत’मध्ये रेखाटलेले आपल्या बेळगावचे रावसाहेब वाचकांना आठवत असतील. त्यांच्या तोंडी शिवी इतकी वारंवार येते की तिच्यातले विष उतरून जाते आणि मागे निखळ माया उरते. बोलणारा माणूस समोर असतो, त्याचा चेहरा आणि आवाज शब्दाला सावरून घेतो. छापलेल्या शब्दाला हे भाग्य नाही. त्याला एकट्यालाच उभे राहावे लागते.

म्हणून परीक्षणातल्या शब्दांकडे वळू. ‘दाहक वास्तव’ हा शब्दप्रयोग घ्या. दया पवारांचे ‘बलुतं’ १९७८ साली आले, लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ १९८० साली, लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ १९८७ साली. मराठी पांढरपेशा वाचकाला ही पुस्तके खरोखर भाजली. ज्या गावकुसाबाहेरच्या आणि पालांवरच्या आयुष्याची त्याला कल्पना नव्हती ते त्याच्या दिवाणखान्यात येऊन बसले. त्या वेळी कोणी ‘दाहक’ लिहिले असेल तर ते चटका बसल्यावर तोंडातून निघालेले अक्षर होते. आज शहरातल्या सदनिकेत होणाऱ्या एकटेपणाच्या कवितेलाही आपण ‘दाहक’ म्हणतो. एकटेपणाला दुःख नसते असे मी म्हणत नाही. त्याच्यासाठी वेगळा शब्द शोधायचे कष्ट आपण घेत नाही, एवढेच माझे म्हणणे आहे. त्यामुळे दोघांवर अन्याय होतो. त्या कवीचे दुःख नेमके कसे आहे हे कळत नाही, आणि ‘बलुतं’ आज हाती घेणाऱ्या पोराला ‘दाहक’ या शब्दाने काहीच इशारा मिळत नाही.

‘मातीशी नाळ जोडलेला’, ‘संवेदनशील मनाचा’, ‘समाजभान जपणारा’, ‘अस्सल’ हे असेच सारे. यांच्यासाठी मी एक साधी कसोटी वापरतो. परीक्षणातले वाक्य उचलावे आणि शेजारच्या पुस्तकाला लावून पाहावे. तिथेही ते तितकेच चपखल बसत असेल, तर ते या पुस्तकाविषयी काही सांगत नाही. ‘अस्सल’ म्हणताना नक्कल कोणती आणि कोणाची, हे परीक्षकाला सांगता आले पाहिजे. ‘संवेदनशील’ म्हणताना बधिर कोण ते दाखवता आले पाहिजे. तेवढे धाडस नसेल तर हे शब्द ‘रा. रा.’च्या पंक्तीतले.

पण केवळ निरर्थक झालेला शब्द फारसा घातक नसतो. वाचक त्याच्यावरून नजर फिरवून पुढे जातो. घातक असतो तो समोरची कलाकृतीच झाकून टाकणारा शब्द. याचे सर्वांत ठसठशीत उदाहरण आपल्याच मातब्बर लेखकाचे आहे. जी. ए. कुलकर्णी बेळगावात वाढले, धारवाडात त्यांनी वर्षानुवर्षे इंग्रजी शिकवले. १९५९च्या ‘निळासावळा’पासून १९७७च्या ‘पिंगळावेळ’पर्यंतच्या त्यांच्या कथांवर मराठीत उदंड लिहिले गेले, आणि त्या लेखनात एक शब्द पालुपदासारखा येतो: नियती. जी. ए. म्हटले की नियती, असे समीकरणच होऊन बसले आहे. महाविद्यालयातला विद्यार्थी कथा वाचण्याआधी हा शब्द पाठ करतो आणि मग प्रत्येक कथेत तो शोधतो.

‘रमलखुणा’मधल्या ‘प्रवासी’ आणि ‘इस्किलार’ या दीर्घ कथांना हा शब्द शोभतो. तिथे माणूस कुठून कुठे ओढला जातो, त्याची निवड खरी की भासमान, हाच विषय आहे. ज्याने तो शब्द पहिल्यांदा तिथे योजला त्याने काम चोख केले. पण मग ‘चैत्र’ घ्या. हळदीकुंकवाच्या निमित्ताने एका गरीब बाईच्या पदरी अपमान येतो, ती तो मनात धरून ठेवते आणि पुढे त्याची परतफेड करते. हे सारे बायकांच्या बोलण्याचालण्यातून, देण्याघेण्यातून घडते. अपमान करणारी बाई आहे, तिच्याजवळ पैशाचा ताठा आहे. अपमान सोसणारीजवळ मानीपणा आहे. यात नियती कुठे आली? ‘कैरी’मधली तानीमावशी पोरक्या मुलावर माया करते आणि स्वतः नवऱ्याच्या घरात जाच सोसते. तो जाच कोणी आकाशातून पाठवलेला नाही. तो करणाऱ्याला हातपाय आहेत, आवाज आहे, आणि गावात त्याची पत आहे.

या कथांवर ‘नियतीशरण’ असा शिक्का मारला की कथेतले गुन्हेगार सुटतात. श्रीमंतीचा तोरा, नवरेपणाचा माज, आपल्या या कानडी-मराठी मुलखातल्या लहान गावांची ती कोंदट उतरंड, हे सगळे एका भारदस्त शब्दाच्या पोटात गडप होते. जी. एं.नी इतक्या बारकाईने रंगवलेली भांडी, ओसऱ्या, झाडे, रंग ही मग नुसती सजावट वाटू लागतात. खरे तर अन्यायाचा आणि मायेचा पुरावा त्या वस्तूंतच ठेवलेला असतो. लोकप्रिय शब्दाने लेखकाला मोठे केले, पण त्याच्या कथेला मात्र वाचनाआधीच संपवले. असा गौरव कोणत्याही लेखकाला नको असेल.

आपल्या दुसऱ्या थोर लेखिकेच्या बाबतीत थोड्याफार फरकाने हेच झाले. इंदिरा संत बेळगावच्या. १९४० साली पती ना. मा. संत यांच्यासह ‘सहवास’ हा संग्रह, १९४६ साली पतिनिधन, आणि त्यानंतर ‘शेला’, ‘मेंदी’, ‘मृगजळ’, ‘रंगबावरी’, ‘बाहुल्या’, ‘गर्भरेशीम’. हा जीवनक्रम कळल्यावर समीक्षकांनी ‘विरहिणी’ हा शब्द जवळ केला आणि त्याच्या मागोमाग ‘तरल’, ‘हळुवार’, ‘व्याकूळ’ ही त्याची भावंडे आली. पाठ्यपुस्तकापासून गौरवग्रंथापर्यंत सर्वत्र हेच.

आता मुसळधार पावसाची समजूत घालणारी त्यांची प्रसिद्ध कविता आठवा. त्यात काय आहे? मोडके कौलारू घर आहे, दाराशी सायली आहे, गळती धरायला पुरेशी भांडी नाहीत ही अडचण आहे, नेसायचे जुने वस्त्र भिजेल ही काळजी आहे. संसारातल्या बाईने शेजारणीकडे करावी तशी ही गाऱ्हाणी आहेत. आणि ती सांगत असतानाच ती पावसाला पुढे काही कोस धाडते, वाटेवरच्या माणसाला आडवे जाऊन घराकडे परतव म्हणते. एवढा वेळ जो पाऊस उपद्रवी होता तोच आता दूत होतो, आणि घरी आल्यावर त्याचा पाहुणचार करायचेही ठरते. इथे विरह हा शब्द लागतच नाही. भांड्यांची टंचाई त्याचे काम करते. यात ‘तरल’ असे काही नाही. ही कविता अगदी ठोस आहे, स्वयंपाकघराच्या फरशीइतकी ठोस, आणि तिच्यात थोडा खट्याळ व्यवहारीपणाही आहे. आपण ‘हळुवार’ म्हणालो की तो खट्याळपणा ऐकू येत नाही. इंदिराबाईंनी मोठे शब्द टाळून जे मिळवले ते आपण त्यांच्यावर मोठे शब्द लिहून घालवून बसलो.

इथवरचे सारे साहित्यापुरते झाले. पण सीमेवर साहित्य आणि जगणे यांत फार अंतर राहत नाही, म्हणून ज्या शब्दाशी मला यायचेच होते त्याकडे येतो: अस्मिता.

हा शब्द मुळात योगशास्त्राचा. पतंजलीने साधनपादात पाच क्लेश सांगितले, त्यांत अविद्येच्या पाठोपाठ अस्मिता येते. पाहणारा आणि पाहण्याचे साधन ही दोन्ही एकच मानण्याची चूक म्हणजे अस्मिता. म्हणजे तो माणसाने ओलांडायचा दोष होता. पुढे गुजरातेत कन्हैयालाल मुनशींच्या लेखणीने ‘गुजरातनी अस्मिता’ लोकप्रिय केली आणि हा शब्द अभिमानाच्या अर्थाने वावरू लागला. मराठीतही त्याचा तोच अर्थ रूढ झाला. शब्दाचा अर्थ उलटला याबद्दल माझी तक्रार नाही. भाषेत असे होतच असते. तक्रार आहे ती पुढच्या प्रवासाबद्दल. आज अस्मिता हे गृहसंकुलाचे नाव आहे, पतपेढीचे आहे, मंडळाचे आहे, आणि प्रत्येक सभेच्या शेवटच्या वाक्यातले क्रियापदाआधीचे पद आहे. अस्मिता ‘जपायची’ असते, ‘जागवायची’ असते. ती म्हणजे नेमके काय, हे विचारणारा सभेत उद्धट ठरतो.

आपल्याकडे हा शब्द हलका होणे परवडणारे नव्हते. मे १९४६ मध्ये ग. त्र्यं. माडखोलकरांच्या अध्यक्षतेखाली बेळगावच्या साहित्य संमेलनात संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला, तेव्हा ते दोन शब्द अशा गोष्टीचे नाव होते जी अजून कुठेच नव्हती. ते उच्चारणे म्हणजे काहीतरी अंगावर घेणे होते. दहा वर्षांनी, १७ जानेवारी १९५६ रोजी, बेळगावात गोळीबार झाला आणि त्या शब्दांची किंमत रक्ताने मोजली गेली. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला आपला भाग तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. पुढे महाजन आयोग आला, महाराष्ट्राने २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला, २०१४ साली शहराचे अधिकृत नाव बेळगावी झाले, डिसेंबर २०२२ मध्ये महाराष्ट्र विधिमंडळाने ८६५ गावांविषयी पुन्हा ठराव केला. या साऱ्या काळात आपण ‘अन्याय’, ‘लढा’, ‘अस्मिता’, ‘सीमाबांधव’ हे शब्द वापरत आलो. ते खोटे नव्हते, आजही नाहीत. पण खऱ्या दुःखाचे नावही वारंवार नुसते पुकारत राहिले की एक दिवस ते पुकाऱ्यापुरतेच उरते.

परिणाम डोळ्यांसमोर आहे. मुंबई-पुण्याहून येणारा पाहुणा भाषणात ‘सीमाबांधव’ म्हणतो आणि संध्याकाळच्या गाडीने परततो. तो शब्द त्याच्या लेखी ‘सा. न. वि. वि.’ झालेला असतो. आणि आपली वीस-बावीस वर्षांची मुले हे शब्द ऐकू आले की मान खाली घालून दुसरीकडे पाहतात. त्यांना मराठी नको आहे असे मुळीच नाही. आपण त्यांच्या हाती अनुभवाऐवजी मायना देतो आहोत, हे त्यांना कळते. गंमत अशी की सीमेपलीकडचा, किंवा खरे तर शेजारच्याच घरातला कानडी तरुणही ‘अस्मिते’ आणि ‘होराट’ हे आपल्या भाषेतले शब्द दिवसभर ऐकून तितकाच विटलेला असतो. दोन्ही भाषांतले फलक एकाच चौकात उभे असतात आणि दोन्ही भाषांतली पोरे त्यांच्याखालून न वाचता जातात.

याला एक अपवाद मला दिसतो, आणि त्यातूनच वाट सुचते. ‘हुतात्मा’ हा शब्द बेळगावात अजून जड आहे. तो आपण वाटेल त्याला लावत नाही. त्याला तारीख आहे, चौक आहे, माणसांची नावे आहेत. दर १७ जानेवारीला तिथे उभे राहून ती आठवली जातात. ज्या शब्दामागे अशी मोजता येणारी माणसे असतात तो लवकर झिजत नाही.

तेव्हा आमच्या नव्या कवींना आणि कथाकारांना माझे सांगणे एवढेच आहे. शेतकरी जमीन पड ठेवतो तसे हे चार-सहा शब्द काही हंगाम पड ठेवावेत. ‘अन्याय’ न लिहिता शेताचा तो उतारा लिहावा, जो कानडीत येतो आणि ज्याच्यावरचे आपल्याच शेताचे नाव वाचून घ्यायला म्हातारीला नातवाची वाट पाहावी लागते. मग तो नातू कानडी शाळेत शिकलेला असेल, तर तो ते नाव आजीला कुठल्या उच्चाराने वाचून दाखवतो, तेही लिहावे. ‘अस्मिता’ न लिहिता आपले ते वाक्याच्या शेवटी येणारे ‘की’ लिहावे, ज्याला पुण्यात लोक हसतात आणि जे ऐकले की परक्या गावच्या एसटी स्टँडवर बेळगावचा माणूस बेळगावच्या माणसाला ओळखतो. आणि आम्ही परीक्षण करणाऱ्यांनी अशा कवितेखाली ‘सीमाभागाची अस्मिता जागवणारी’ असे लिहिण्याआधी त्या उताऱ्यावरचा गट नंबर तरी नीट वाचावा.